लुआंग्वाच्या काठी तंबूत राहून पायी सफारी: जमेल का आणि कशी करावी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं, वय 58 आणि 54. ताडोबा-पेंच कितीतरी वेळा झालंय, मसाई मारा एकदा. आता सप्टेंबरात झांबियातल्या साउथ लुआंग्वाला 4 रात्री नदीकाठच्या तंबूंत राहून पायी सफारी करायची आहे. शंका चार: कॅम्पला कुंपण नसतं म्हणतात, मग रात्री काय करायचं? यजमानांचा गुडघा साथ देईल का? शाकाहारी खाण्याचं काय? आणि इतके पैसे घालून गाडीपेक्षा कमीच प्राणी दिसणार असतील तर जावं कशाला?

मी गेली काही वर्षं दर मोसमात तिकडे चार-सहा जणांचे गट घेऊन जाते. शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती मिटली की बाकीच्या तिन्हींची उत्तरं बरीचशी त्यातच सापडतात.

हो, पायी गेलं की प्राणी कमी दिसतात, आणि लांबून दिसतात. लुआंग्वाचा बिबट्या प्रसिद्ध आहे, पण तो संध्याकाळच्या गाडीतून दिसतो, दिव्याच्या झोतात. पायी जाताना मला तो मोजून तीनदा दिसलाय, त्यातही दोनदा नुसती शेपटी. कारण साधं आहे. गाडी म्हणजे डिझेलचा वास सोडणारी, घरघरणारी एक मोठी वस्तू, आणि ती काही करत नाही हे तिथल्या प्राण्यांच्या दोन-तीन पिढ्यांना ठाऊक झालंय. तुम्ही त्या गाडीत बसलेले असेपर्यंत त्या वस्तूचाच भाग असता. खाली उतरून दोन पायांवर उभे राहिलात की क्षणात माणूस होता. तो उभा आकार त्यांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. गाडीपासून दहा पावलांवर निवांत चरणारी इम्पालांची टोळी पायी माणूस दिसला की पाऊणशे मीटरवरूनच माना वर करते. म्हणजे गाडीत बसून आपण प्राणी बघतो. पायी निघालो की आपण त्यांना दिसतो. पायी सफारीचे सगळे नियम, कपड्यांचा रंग, गप्प राहणं, एका रांगेत चालणं, वाऱ्याचा अंदाज घेणं, एवढ्या एका गोष्टीतून आलेत. तुम्हाला फोटो आणि यादी हवी असेल तर मारालाच पुन्हा जा, मी मनापासून सांगते. पण आपण दिसतोय म्हटल्यावर जंगल कसं वागतं, हे बघायचं असेल तर लुआंग्वासारखी जागा नाही.

जागेबद्दल दोन शब्द. लुआंग्वा ही झांबेझीची उपनदी, पूर्व झांबियातून वाहते. तिच्यावर मोठं धरण नाही, त्यामुळे ती अजून स्वतःच्या मनाने पात्र बदलते. जुनी वळणं तुटून मागे पडतात आणि त्यांची तळी होतात. पश्चिमेला मुचिंगाचा कडा. साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान 9,050 चौरस किलोमीटरचं आहे, 1972 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. पायी सफारीची परंपरा मात्र त्याच्या आधीची. नॉर्मन कार नावाच्या अधिकाऱ्याने 1950 साली तिथले प्रमुख, चीफ न्सेफू, यांच्या साथीने पाहुण्यांसाठी पहिला कॅम्प काढला आणि त्याचं उत्पन्न गावाला जाईल अशी व्यवस्था केली. शिकारीऐवजी नुसतं चालायला लोकांना घेऊन जाणं त्याने 1960च्या दशकात सुरू केलं. आज तुम्ही ज्या रांगेत चालाल ती त्याच रिवाजातून आलेली आहे.

रांग अशी: सर्वांत पुढे वन्यजीव खात्याचा रायफलधारी स्काउट. त्याच्या मागे गाइड. मग पाहुणे, शक्यतो सहाच्या आत. शेवटी चहाची पिशवी घेतलेला माणूस. स्काउट सरकारी असतो आणि त्याच्याशिवाय पायी निघता येत नाही. चालायचं कुठून, थांबायचं कधी, परतायचं कधी हे गाइड ठरवतो, आणि ते ठरलं की वाद घालायचा नाही. पायी नेण्याचा परवाना लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षांनंतर मिळतो. चांगल्या गाइडची खूण मी एकच मानते: रायफलवर वेळ येऊ नये यासाठी तो किती आधी आणि किती लांबून वळतो. "हत्तीच्या अगदी जवळ नेलं बघा!" असं कौतुक कोणी करत असेल तर त्या गाइडबरोबर मी माझी माणसं पाठवत नाही.

पहाटे पाचला "मुली ब्वांजी" अशी हाक तंबूबाहेरून येते. आपल्याकडच्या माणसाला पहिल्या दिवशी वाटतं की मुलींबद्दल काहीतरी विचारतायत. न्यांजा भाषेतलं ते "कसे आहात" आहे. "न्दिली ब्विनो" म्हणायचं, म्हणजे मजेत. आणि पाणी हातात मिळालं की "झिकोमो". हे तीन शब्द पाठ करून जा, चेहरे कसे खुलतात ते बघा. शेकोटीपाशी चहा आणि लापशी, आणि सहाच्या आत निघायचं. साडेनऊ-दहापर्यंत परत. मध्ये एखाद्या मोठ्या झाडाखाली चहा. या साडेतीन-चार तासांत अंतर फार होत नाही, बरेचदा सहा-सात किलोमीटर, कारण थांबणंच जास्त असतं.

थांबणं म्हणजे काय ते एका सकाळीवरून सांगते. सप्टेंबरचा मध्य, सुकलेल्या तळ्याच्या कडेने आम्ही चाललो होतो. गाइडने हात वर केला. समोर काही नाही, फक्त झुडपांची जाळी. तो ऐकत होता. जाळीतून ऑक्सपेकरचा चर्रर्र असा कोरडा आवाज आला. हा पक्षी मोठ्या जनावरांच्या अंगावरच्या गोचिडी खातो. तो जाळीत ओरडतोय म्हणजे जाळीत एखादं अंग आहे. गाइडने खिशातून राखेची पुरचुंडी काढून झटकली. पायमोजाच्या तुकड्यात बांधलेली शेकोटीची राख. ती आमच्याकडून जाळीकडे गेली. म्हणजे वारा आमचा वास तिकडे नेत होता. एक शब्द न बोलता आम्ही उजवीकडे वळलो, मोठा वळसा घालून विंटरथॉर्नच्या एका बुंध्यामागे जाऊन उभे राहिलो. तिथून राख पुन्हा झटकली, आता ती आमच्या तोंडावर आली. वीसेक मिनिटांनी जाळीतून दोन म्हातारे रेडे बाहेर पडले, कळपाने सोडून दिलेले केप बफेलो, पाठीवर वाळलेला चिखल. तिथे त्यांना "डग्गा बॉइज" म्हणतात. डग्गा म्हणजे चिखल. पायी चालणाऱ्याला सिंहापेक्षा यांचं भय जास्त, कारण सिंह सहसा आधी निघून जातो आणि हे जाळीत बसून राहतात. ते पाण्याकडे गेले, त्यांना आम्ही कळलोच नाही. त्या वीस मिनिटांत आमच्यातल्या कोणाचा एकही फोटो धड आला नाही. पण ताडोबात शंभर जिप्सी फेऱ्या केलेला आमच्यातला एक गृहस्थ चहाच्या वेळी म्हणाला, "आज पहिल्यांदा कळलं, जंगलात कान कशाला असतात."

बाकी चालणं हे खालचं बघणं आहे. हत्तीची लीद फोडून आत विंटरथॉर्नच्या शेंगांच्या बिया अख्ख्या निघतात हे दाखवतात, आणि ती किती जुनी ते हात लावून सांगतात. तरसाची विष्ठा वाळून खडूसारखी पांढरी, हाडांतल्या चुन्यामुळे. उदमांजराच्या आफ्रिकी भावंडाची, सिव्हेटची, ठरलेली शौचाची जागा असते, तिच्यात पैसा नावाच्या किड्याच्या कवचाच्या चकत्या दिसतात. इतर जनावरं त्या विषारी किड्याच्या वाटेला जात नाहीत. झाडांत तर तुम्हाला घरचीच माणसं भेटल्यासारखं होईल. गोरखचिंच तुम्ही वसईकडे, मुंबईत पाहिली असेल. तिथे ती तिच्या मूळ गावी आहे, आणि बुंध्यावर हत्तींनी सुळ्यांनी सोललेले पट्टे आहेत. आपली चिंचही मूळची आफ्रिकेचीच. वारुळावर उगवलेली चिंच आणि खाली बबून बसलेले, हे दृश्य तिकडे रोजचं. खाजकुहिलीही आहे बरं का, "बफेलो बीन" म्हणतात. शॉर्ट पँटचा मोह म्हणूनच टाळा.

आता गुडघा. चढ-उतार जवळजवळ नाही, नदीचं सपाट खोरं आहे, त्यामुळे सिंहगडाचं माप इथे लावू नका. त्रास वेगळाच आहे, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. नदीकाठची जमीन काळी माती आहे, अगदी आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी. पावसाळ्यात त्या चिखलातून हत्ती आणि पाणघोडे चालतात, आणि मग ती उन्हाने विटेसारखी कडक होते. हत्तीच्या पायाएवढे खड्डे, एकाला एक लागून, वर गवत. त्यावरून चालताना गुडघ्यापेक्षा घोटा मुरगळतो. यजमानांची परीक्षा घ्यायची असेल तर महिनाभर आधी नांगरलेल्या शेतात रोज दीड तास चालवा, आणि ज्या बुटांत चालतील तेच बूट घेऊन या. घोटा झाकणारे, वापरून मऊ झालेले. काठी चालते, पण टोकाला रबर हवं. दगडावर धातू वाजला की गाइडचा चेहरा बघण्यासारखा होतो. आणि हे आधीच विचारून ठेवा: एखाद्या सकाळी एकाला चालायचं नसेल तर कॅम्पवर दुसरी गाडी आहे का? मोठ्या कॅम्पवर असते. लहान, आतल्या कॅम्पवर नसेल तर दिवसभर नदी बघत बसणं एवढाच पर्याय उरतो, जो मला विचाराल तर अजिबात वाईट नाही.

आता येतो तंबूवर. खरी परीक्षा चालण्यात नसतेच, ती रात्री असते.

आतले कॅम्प म्हणजे तीन-चार, फार तर पाच-सहा तंबू किंवा गवताच्या भिंतींच्या झोपड्या. पुराचं पाणी ओसरलं की मे-जूनच्या सुमारास बांबू-गवत-दांडक्यांनी उभे करतात, नोव्हेंबरचा पाऊस यायच्या आधी उतरवतात. पुढच्या वर्षी नदीने काठ खाल्ला असेल तर तंबू दहा पावलं मागे. आत खाट, गादी, मच्छरदाणी, पाठीमागे छत नसलेली मोरी: बादलीचा शॉवर आणि बरेचदा फ्लशचा संडास, नाहीतर खड्ड्याचा. गरम पाणी सांगितलं की आणून ओततात. दिवा सौर. त्यामुळे रात्री उठावं लागलं तर तंबूबाहेर पडायचं नाही, मागच्या मागे जायचं. ज्या कॅम्पवर संडास वेगळा आणि लांब आहे तिथे रात्रीसाठी तंबूत भांडं ठेवतात. लाजू नका, मागून घ्या. माझ्या गटातल्या बायका संध्याकाळी सहानंतर पाणी कमी पितात, त्याने खूप फरक पडतो.

आणि हो, कुंपण नसतंच.

नदीतले पाणघोडे दिवसभर पाण्यात असतात, रात्री चरायला काठावर येतात. एकेक दीड टनाचा प्राणी, एका रात्रीत चाळीसेक किलो गवत खातो. कॅम्पातलं गवत झाडून-झुडून छान वाढलेलं असतं, मग तो तिथेच येणार. माझी पहिली रात्र मला नीट आठवते. अकराच्या सुमारास जाग आली ती आवाजाने, कोणीतरी जुनं धोतर हळूहळू फाडतंय असा. चर्र. थांबायचं. चर्र. मग कळलं की मधे फक्त जाळी आहे आणि तो माझ्या उशीपासून हातभर अंतरावर गवत खातोय. त्याच्या पोटातले गुडगुडणारे आवाज ऐकू येत होते, ओला, शेणासारखा वास येत होता, आणि चांदण्यात जाळीवर नुसता एक काळा उंचवटा सरकत होता. मी श्वास धरून पडले होते. तो अर्धा-पाऊण तास शांतपणे चरत राहिला. त्याला माझं काही पडलं नव्हतं. सकाळी चार बोटांचे ठसे आणि हिरवळीवर यंत्र फिरवावं तसं कापलेलं गवत.

म्हणजे गाडीचाच न्याय इथे लागतो. बंद तंबू ही त्या जनावरांच्या लेखी एक वस्तू आहे, झाडासारखी, वारुळासारखी. चेन लावलेली असेपर्यंत तुम्ही त्या वस्तूच्या पोटात आहात. बाहेर पाऊल टाकलंत की माणूस झालात, आणि तेही अंधारात, वारा न बघता, बहुधा पाणघोडा आणि त्याचं पाणी यांच्या मधोमध. पायी सफारीत त्याच्या आणि पाण्याच्या मधे येणं ही सर्वांत मोठी चूक. तो घाबरला की सरळ पाण्याकडे धावतो, आणि माणसापेक्षा वेगात धावतो. म्हणून रात्रीचे नियम कडक: अंधार पडल्यावर जेवणाच्या जागेपासून तंबूपर्यंत तीस पावलं असली तरी राखणदार सोबत घेतल्याशिवाय जायचं नाही. जाळीतून टॉर्च कोणाच्या डोळ्यांत मारायचा नाही. तंबूत शिट्टी किंवा हॉर्न ठेवलेला असतो तो खऱ्या संकटासाठी, "बाहेर काहीतरी आहे" एवढ्यासाठी नाही. बाहेर काहीतरी असणारच.

एकदा माझ्याच गटातले एक काका जेवताना जॅकेट विसरलं म्हणून उठून एकटेच गेले. परत येताना वाटेवर पाणघोडा. काका जागेवर थिजले, तो दुसरीकडे वळला, झालं काहीच नाही. कॅम्पच्या व्यवस्थापकाने मला बाजूला घेऊन चांगलं झापलं, आणि ते बरोबर होतं. सूचना इंग्रजीत झाल्या होत्या, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आणि मी त्या मराठीत पुन्हा सांगितल्या नव्हत्या. तेव्हापासून पहिल्या संध्याकाळी मी प्रत्येकाकडून त्या वदवून घेते, शाळेतल्यासारख्या.

खाणं तंबूत ठेवायचं नाही, अजिबात. आमच्या एका बाईंनी भाकरवडीचा पुडा बॅगेत दडवला होता. दुपारी सगळे जेवायला गेले आणि बबूनांनी चेन उघडायच्या भानगडीत न पडता जाळीच फाडली. भाकरवडी गेली, त्याबरोबर पावडरचा डबा आणि रक्तदाबाच्या गोळ्याही गेल्या. फळं तर त्याहून वाईट, हत्तीला वास लांबून लागतो. उद्यानाच्या प्रवेशाशी असलेल्या म्फुवेच्या एका लॉजच्या स्वागतकक्षातून हत्तीचं एक कुटुंब पावसाळ्याच्या तोंडावर पायऱ्या चढून आत येतं आणि पलीकडच्या रानआंब्याकडे जातं, हे अनेकांनी पाहिलंय. तुमच्या तंबूला एवढ्या रुंद पायऱ्या नाहीत.

कॅम्प निवडताना लोक तंबूचे फोटो बघतात. मी नदीचं वळण बघते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी काठ कापतं, तिथे उभी मातीची भिंत होते, खाली खोल पाणी आणि पाणघोड्यांचा मोठा जमाव. त्या भिंतीतून त्यांना सरळ वर चढता येत नाही, ठरावीक घळीतूनच येतात. तुमचा तंबू त्या घळीच्या तोंडाशी आहे की बाजूला, एवढं विचारा; झोपेत फरक पडतो. याच उभ्या भिंतीत ऑगस्टच्या अखेरीपासून कार्माइन बी-ईटर घरटी करतात. आपल्या वेड्या राघूचे हे लालभडक चुलतभाऊ, शेकड्यांनी. सप्टेंबरात जाणार असाल तर अशी भिंत जवळ असलेला कॅम्पच घ्या. वळणाच्या आतल्या अंगाला पुळण असते, तिथे दृश्य मोकळं, मगरी उन्हात पडलेल्या, दुपारी हत्ती नदी ओलांडताना समोर दिसतात. दोन्ही छान, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी बाहेरचं अंग सुचवते. दुपारी अकरा ते साडेतीन तुम्ही तंबूसमोर खुर्ची टाकून बसणार आहात, आणि माझ्या लोकांना परत आल्यावर आठवतात ते हेच तास.

रात्रीचे आवाज आधीच सांगून ठेवते, म्हणजे दचकायला होणार नाही. पाणघोड्यांचं खो-खो हसणं रात्रभर. तरसाची खालून वर चढत जाणारी हाक. लाकडावर करवत चालवल्यासारखा आवाज म्हणजे बिबट्या. सिंहाची गर्जना कैक किलोमीटरवरून येते आणि उशाशी वाटते. आणि पुकू नावाच्या हरणाची शिट्टी सारखी वाजायला लागली तर कोणीतरी फिरतंय असं समजा आणि कूस बदला.

मोसम: सप्टेंबरचा पूर्वार्ध तुमच्यासाठी बरोबर आहे. जून-जुलैत पहाटे चांगली थंडी, उघड्या गाडीत कानटोपी लागते. ऑक्टोबरात पारा चाळिशीला जातो, प्राणी पाण्यापाशी गोळा झालेले असतात, पण तंबूत दुपार काढणं 58व्या वर्षी सोपं नाही. नोव्हेंबरपासून पाऊस, आतले कॅम्प बंद.

4 रात्री मात्र कमी आहेत. मुंबईहून आदिस अबाबा, नैरोबी किंवा आखातातून लुसाका, तिथून लहान विमानाने म्फुवे, मग गाडीने दोन-तीन तास. पोहोचण्यातच दीड दिवस जातो. 6 रात्री करा: पहिल्या 2 म्फुवेजवळच्या मोठ्या कॅम्पवर, गाडीतून. बिबट्या, सिंह, फक्त याच खोऱ्यात आढळणारा थॉर्निक्रॉफ्ट जिराफ, सगळं तिथे बघून घ्या, म्हणजे मनाची भूक भागते आणि नंतर चालताना कोणी घड्याळ बघत नाही. मग 4 रात्री आत, शक्य असेल तर दोन कॅम्पांत, एकाहून दुसऱ्याकडे चालत. सामान गाडीने येतं. गेंडा शोधू नका; साउथ लुआंग्वातला चोरट्या शिकारीने संपला. शेजारच्या नॉर्थ लुआंग्वात तो 2003पासून पुन्हा आणला आहे.

खर्च सांगायला संकोच वाटतो, पण आतल्या कॅम्पांचा दर माणशी रात्रीला शेकडो डॉलर असतो, कित्येक ठिकाणी हजाराला टेकतो. जेवण, चालणं, गाड्या त्यात धरलेलं असतं. कमी पैशांत हवं असेल तर उद्यानाबाहेर, पण नदीच्याच काठावर साधे कॅम्प आहेत, तिथे राहून एखाददोन सकाळी पायी फेरी घेता येते. फक्त पैसे भरण्याआधी "पायी सफारी" म्हणजे नेमके किती तास हे लेखी घ्या. एका दलालाने माझ्या ओळखीच्या कुटुंबाला विकलेली पायी सफारी म्हणजे लॉजभोवती पाऊण तासाचा फेरफटका निघाली. सोबत हेही विचारा: गटात जास्तीत जास्त किती जण, गाइडला पायी नेण्याचा परवाना किती वर्षांपासून, सॅटेलाइट फोन किंवा रेडिओ आहे का, आणि आजारी माणसाला सर्वांत जवळच्या धावपट्टीवर न्यायला किती वेळ लागतो. विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च देणारा विमा घेतल्याशिवाय निघूच नका.

जेवणाचं अगदी सोपं आहे. आधी कळवलं तर शाकाहारी उत्तम मिळतं, फक्त तिथल्या आचाऱ्याच्या शाकाहारात अंडं बसतं आणि कधी कधी कोंबडीही; काय चालत नाही ते नावं घेऊन लिहून द्या. निखाऱ्यांवर पत्र्याच्या पेटीत भाजलेला पाव रोज ताजा. एकदा कॅम्पच्या लोकांचं जेवण मागून खा. मक्याच्या पिठाची न्शिमा, म्हणजे आपली घट्ट उकडच, आणि भोपळ्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला. मी पहिला घास घेतला तेव्हा मला खानदेशातल्या आजीची आठवण आली. ठेचा न्या, पण तो स्वयंपाकघरात द्या, तंबूत नको.

कपडे खाकी, मळकट हिरवे, मातकट. पांढरा लांबून चमकतो. काळा आणि गडद निळा रंग त्सेत्से माशीला आवडतो, ती कपड्यावरून चावते आणि डास पळवणाऱ्या मलमाला फारशी जुमानत नाही. आणि आपल्या वन्यजीव छायाचित्रकारांचा लाडका लष्करी नक्षीचा पोशाख, टोपी, बॅगेचं कव्हर, काही म्हणजे काहीही नेऊ नका. झांबियात सामान्य माणसाने तो घालणं बेकायदा आहे. लहान विमानात बरेचदा 15 किलोच्या आसपास मर्यादा असते आणि बॅग मऊ लागते, चाकांची कडक पेटी नाही.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याच, सप्टेंबर कोरडा असला तरी. परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर पहिल्याच वाक्यात "आफ्रिकेत जाऊन आलोय" असं डॉक्टरांना सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. तिथला मलेरिया आपल्या नेहमीच्या तापासारखा वाट बघत नाही. केनिया आणि इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडतात, म्हणून त्या मार्गाने जाणार असाल तर लस आणि पिवळं कार्ड करूनच ठेवा. लस घेतल्यापासून 10 दिवसांनी ते कार्ड लागू होतं, आदल्या आठवड्यात धावाधाव नको.

राहता राहिली दुर्बीण. कॅमेऱ्याच्या लेन्सवर खर्च करण्याआधी दोन दुर्बिणी घ्या, दोघांना दोन. एकच असली की "मला दे, मला दे" म्हणेपर्यंत जाळीतला कान आत गेलेला असतो, आणि उरलेली वाट दोघं न बोलता चालता. तिथे बोलायची बंदीच असते ते वेगळं.